गिल्गामेश पहिल्यांदा वाचायला घेताय? मग हे बघून घ्या

आमच्या कोर्सला गिल्गामेश हे मेसोपोटेमियाचं महाकाव्य लागलं तेव्हा वाटलं, झालं, आता हजारो वर्षांपूर्वीचं काहीतरी जडजंबाळ घोकायचं. पहिल्या दिवशी वीस पानं वाचून पुस्तक मिटलं. चूक माझीच, मी आधी प्रस्तावना वाचत बसले होते. प्रस्तावना शेवटी वाचा.

सुरुवातीला एवढं पुरे: उरुक म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधलं शहर, गिल्गामेश तिथला राजा, दोन तृतीयांश देव नि एक तृतीयांश माणूस (हे गणित कसं बसतं ते मला विचारू नका). गोष्ट अक्कदी या तिथल्या जुन्या भाषेत, मातीच्या पाट्यांवर कोरलेली (एक पाटी म्हणजे एक प्रकरण समजा), नि त्यातल्या बऱ्याच पाट्या निनवे या जुन्या शहरात असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयात सापडल्या.

भाषांतर निवडताना गोष्टीरूप सोपं व्हर्जन घेऊ नका, ज्यात कंस नि टिंबटिंब आहेत तेच घ्या. टिंबं म्हणजे पाटी तिथे फुटलीय. मी आधी ती सरळ उडवायचे, मग कळलं की 2011 मध्ये इराकमधल्या सुलेमानिया म्युझियमने एक तुकडा विकत घेतला, त्यात पाचव्या पाटीच्या नव्या ओळी निघाल्या आणि गोष्टीतल्या देवदारांच्या जंगलात चक्क माकडं आली! तेव्हापासून टिंबं दिसली की मी थांबतेच, इथे काय असेल म्हणून.

तेच तेच परत येतं म्हणून कंटाळलात तर मोठ्याने वाचा, खरंच, दार लावून वाचा हवं तर. 'सहा दिवस सात रात्री' हे ध्रुवपदासारखं येत राहतं. जिवलग मित्र एन्किडू मेल्यावर गिल्गामेश इतकेच दिवस त्याला पुरू देत नाही, नाकातून अळी पडेपर्यंत. हे मी बसमध्ये वाचलं आणि पुढचे दोन स्टॉप नुसती खिडकीबाहेर बघत होते.

मग अकरावी पाटी. सगळे पुरासाठी ती वाचतात, आपल्याला मनू आणि मासा आठवतोच, पण माझं ऐकाल तर रोट्यांपाशी रेंगाळा. मित्र गेल्यावर मरणाला घाबरलेला गिल्गामेश उतनपिश्तिमकडे, म्हणजे पुरातून वाचून अमर झालेल्या म्हाताऱ्याकडे जातो. अमर व्हायचंय ना, मग सहा दिवस सात रात्री जागून दाखव, असं तो म्हणतो आणि हा पठ्ठ्या बसल्या बसल्या झोपतो. म्हाताऱ्याची बायको रोज एक रोटी भाजून त्याच्या उशाशी ठेवते, भिंतीवर खूण करते, कारण उठल्यावर हा 'छे, आत्ता कुठे डोळा लागला' म्हणणारच, आणि म्हणतोच! पहिली रोटी वाळून खडखडीत, पाचवीला बुरशी, सहावी ताजी, सातवी अजून निखाऱ्यावर. मरण टळणार नाही हे त्याला देव येऊन सांगत नाहीत, शिळ्या रोट्या सांगतात.

पहिल्या पाटीत उरुकच्या तटबंदीवर चढ, विटा तपासून बघ अशा ओळी आहेत, त्यांना पेन्सिलने खूण करून ठेवा, अकराव्या पाटीच्या शेवटी लागेल. का ते सांगत नाही.

आणि तिथेच थांबा. बाराव्या पाटीत मेलेला एन्किडू परत जिवंत दिसतो, ती जुन्या सुमेरी कवितेचं भाषांतर म्हणून मागून जोडलेली आहे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, अर्धा तास मागची पानं चाळत बसले होते, हा मेला होता की नाही म्हणून.