वडिलोपार्जित बाहुलीघराचे सामान: या चुका टाळा

पणजीने किंवा आजोबांनी हाताने केलेले बाहुलीघराचे सामान पुढच्या पिढीकडे येते, तेव्हा एखाद्या खुर्चीचा पाय निखळलेला असतोच आणि तो पाहताच हात सुपरग्लूकडे जातो. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. जुने लाकडी सामान बहुधा सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या चिकट पदार्थाने, जोडलेले असते. सरस कोमट पाण्याने मऊ पडत असल्यामुळे जोड उकलून पुन्हा नीट बसवता येतो. सुपरग्लू मात्र लाकडाच्या रंध्रांत शिरून बसतो, त्याच्या वाफेने भोवतीच्या पॉलिशवर पांढुरका थर धरतो आणि तो काढायला ॲसिटोन लावावे, तर पॉलिशही निघून येते. दीड इंच उंचीच्या एका स्टुलावर मी हा उद्योग केला होता. पाय वाकडा बसला तो बसलाच, वर माझ्या अंगठ्याचा ठसा बैठकीवर कायमचा उमटला. म्हणून काडीला गुंडाळलेल्या ओलसर कापसाने आधी जुना सरस काढावा, जोड कोरडाच बसवून पाहावा आणि मग टाचणीच्या टोकावर राहील एवढाच सरस लावून रात्रभर दोऱ्याने बांधून ठेवावा.

मापात न बसणाऱ्या वस्तू बाजूला काढण्याचा मोहही आवरावा. बाहुलीघरासाठी एका फुटाला एक इंच, म्हणजे 1:12, हे प्रमाण रूढ आहे. घरी केलेले सामान ते क्वचितच काटेकोर पाळते. आगपेट्या एकावर एक चिकटवून केलेले खणांचे कपाट बाहुलीघराच्या दारापेक्षा उंच असेल, तर असू द्यावे. त्यावर नवा कागद मात्र चिकटवू नये, कारण आतल्या पेटीवरच्या छापावरून ते साधारण कोणत्या काळात केले असेल, याचा अंदाज बांधता येतो.

जुना रंग पॉलिशपेपरने घासू नये; त्यात शिसे असू शकते आणि ती धूळ श्वासावाटे शरीरात जाते. मऊ कोरडा ब्रश पुरेसा आहे.

ठेवणीच्या पेटीत डांबरगोळ्या टाकू नयेत, कारण त्यांच्या वाफेने काही जातींचे प्लॅस्टिक मऊ पडते. वर्तमानपत्राऐवजी आम्लविरहित कागद वापरावा, गाद्या-पडद्यांतल्या टाचण्या गंजण्यापूर्वी काढाव्यात आणि रबरबँड कशालाही लावू नये. वस्तू कोणी, कशापासून केली, हे पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून ती सोबत नुसती ठेवावी. चिकटपट्टीने तळाला लावल्यास तिचा चिकटा लाकडात मुरतो.