पणजोबांच्या दुकानाची जुनी वही सापडली तर ती वाचायची कशी

गिरगावातली आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा पोटमाळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली आणि तिच्यात लाल कापडाच्या बांधणीच्या सात लांबट वह्या निघाल्या. पणजोबांचं नगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दुकान होतं, शेतकऱ्याला लागेल ते सगळं ठेवायचे, दोर, सुतळी, गोणपाट, सरकीची पेंड, गूळ, मीठ, घासलेट, विळे, कोयते, बैलाच्या म्होरक्या. रद्दीवाला खाली येऊन उभा होता आणि आत्या म्हणाली, अगं राहू दे, आजोबांचं अक्षर आहे ते. म्हणून वाचल्या त्या. मुंबईत अशा ट्रंका खूप घरांत आहेत आणि रिडेव्हलपमेंटच्या धांदलीत रोज कुठेतरी एखादी जातेय, म्हणून मी ह्या वह्या कशा वाचल्या ते नीट लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी, वही पावसाळ्यात उघडू नका. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत जुना कागद ओल धरतो आणि बुरशी येते. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, फाटलं असेल तिथे सेलोटेप अजिबात लावू नका, लॅमिनेशन तर नकोच, कारण टेपचा डिंक पिवळा पडून अक्षर घेऊन जातो आणि लॅमिनेशन परत निघत नाही. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक नंबर घाला, मग खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात फ्लॅश बंद ठेवून मोबाईलवर फोटो काढा आणि इथून पुढे फोटोवरच काम करा, मूळ वही सुती कापडात गुंडाळून ठेवून द्या.

आता वाचायचं. इथे सगळे एकच चूक करतात, मीही केली, मोडी अक्षरं लावायला बसतात आणि आठवडाभरात कंटाळून सोडून देतात. अक्षरं नंतर. आधी आकडे लावा, मग तारखा, मग मापं, आणि माल काय ते शेवटी. आकडे जवळजवळ आजच्यासारखेच असतात त्यामुळे पहिल्याच दिवशी काहीतरी हाताला लागतं आणि पुढे जायचा हुरूप येतो.

पानाकडे बघा. कागदाला उभ्या घड्या घातलेल्या दिसतील, त्यांना सळ म्हणतात, बहुतेक वह्यांत आठ सळ असतात, म्हणजे रेघा मारायची गरजच नाही, घडी हीच रेघ. डावीकडचे चार जमेचे, उजवीकडचे चार नावेचे. रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, असेल तर जमा म्हणजे त्या दिवशी आलेले पैसे आणि नावे म्हणजे गेलेले. खतावणी असेल तर प्रत्येक गिऱ्हाइकाचं खातं वेगळं, त्याच्या नावे म्हणजे त्याने उधार नेलेला माल आणि जमा म्हणजे त्याने आणून भरलेलं. हे उलटं धरलंत तर सगळं गाव तुमच्या पणजोबांचं सावकार वाटायला लागेल. रक्कम बहुधा त्या बाजूच्या पहिल्या सळात असते आणि तपशील तिच्या उजवीकडे.

रक्कम वाचायची ती रेघांवरून. १ रुपयाचे १६ आणे, १ आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै. रुपयाच्या आकड्यापुढे उभी रेघ म्हणजे पाव, म्हणजे ४ आणे, आणि तिरकी किंवा आडवी बारीक रेघ म्हणजे १ आणा. ४॥। असं दिसलं तर पावणेपाच. ५ च्या पुढे दोन उभ्या आणि तीन तिरक्या असतील तर ५ रुपये ११ आणे. हीच उभी रेघ मण आणि शेराच्या आकड्यापुढेही येते आणि तिथेही ती पावच असते, म्हणून आपण रुपयाच्या सळात आहोत की मालाच्या ते आधी बघायचं. एक्सेलमध्ये भरताना मी रुपये, आणे, पै असे तीन वेगळे कॉलम केले, थेट दशांशात बदलू नका, कारण दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला आणि त्याआधीच्या माणसाचं गणित सोळात आणि चारात चालायचं. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे उगाच पाठ करत नव्हते, आत्या आजही औटकी म्हणून दाखवते.

तारखांचं थोडक्यात सांगते. शक असेल तर ७८ मिळवा, आणि पौषाच्या आसपास इंग्रजी वर्ष बदललं की ७९. व्यापाऱ्यांच्या वह्यांत विक्रम संवतही असतो, तो कार्तिक शुद्ध प्रतिपदेला सुरू होतो, म्हणून डिसेंबरपर्यंत ५७ वजा करा आणि जानेवारीपासून ५६. फसली साल, म्हणजे महसुलाचं साल, दिसलं तर ५९० मिळवा, जानेवारीनंतर ५९१, ते साल मृगाच्या सुमाराला बदलतं. शुद्ध-वद्य आणि तिथी वाचलीत की जुन्या पंचांगावरून दिवसही लागतो, फक्त अधिक महिना मध्ये आलाय का ते बघा. संवत १९५६ दिसलं तर थांबून वाचा, ते १८९९-१९०० चं दुष्काळाचं साल, गुजराथ-मारवाडकडे त्याला अजून छप्पनिया म्हणतात. आमच्या वहीत त्या साली नावेची बाजू भरलेली आहे आणि जमेची पानंच्या पानं कोरी.

आता मापं. इथे मी सहा महिने घालवले, म्हणून इथे घाई करू नका. धान्य मापाने जायचं आणि गूळ, लोखंड, पेंड वजनाने, आणि दोन्हीकडे शब्द तेच, शेर आणि मण! मापाचा शेर म्हणजे भांडं, वजनाचा शेर म्हणजे काट्यावरचं वजन. मापात दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली, आणि मग पायल्यांचा मण, पण तो कुठे १२ पायल्यांचा, कुठे १६ चा. वीस मणांची खंडी. वजनात ८० तोळ्यांचा पक्का शेर, साधारण ९३३ ग्रॅम, आणि त्याचे ४० शेर म्हणजे ३७.३ किलोचा मण. पण मुंबईचा मण वेगळा, तो २८ रत्तलांचा (पौंडांचा), म्हणजे फक्त १२.७ किलो. आता बघा, पणजोबांचा माल मुंबईहून यायचा, दौंड-मनमाड लाइन १८७८ ला सुरू झाल्यापासून नगरकडे माल थेट रेल्वेने जायला लागला, तेव्हा एकाच वहीत मुंबईच्या अडत्याकडून घेतलेला मण आणि गावात विकलेला मण असे दोन वेगळे मण असू शकतात. मी सगळीकडे ३७ किलो धरले आणि पणजोबा मुंबईहून आणलेला माल घेतल्याच्या तिप्पट भावाने विकत होते असा निष्कर्ष काढून बसले होते.

यावर उपाय एकच, आपल्या गावाचं माप शोधा. कॅम्पबेलच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये जिल्हावार वजनंमापं दिलेली आहेत, नगरचा खंड १८८४ चा, पुण्याचा १८८५ चा, रत्नागिरी-सावंतवाडीचा १८८० चा, राज्य सरकारच्या गॅझेटियर विभागाच्या साइटवर ते फुकट वाचता येतात. दुसरं, गावी कुणाकडे तरी जुनी पायली किंवा अधोली असतेच, ती मागून घ्या, तिच्यात आजची ज्वारी भरा आणि किराणावाल्याकडे नेऊन वजन करा. एकदा सपाट भरून आणि एकदा शीग लावून, म्हणजे वर निमुळता ढीग करून, दोन्ही लिहून ठेवा, कारण घेताना शीग आणि देताना सपाट हा जुना वाद आहे आणि वहीत तो कळत नाही. अजून एक, चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा असायचा, म्हणून वजन कमी पडलं की दुकानदार रुपयेच पारड्यात टाकायचे, ८० रुपये म्हणजे एक शेर.

घासलेटाचा डबा ४ गॅलनचा, आजचे १८ लिटर, असे दोन डबे एका लाकडी पेटीत यायचे. कोडी म्हणजे वीस नग. वार म्हणजे यार्ड.

आता माल. नांगराचा लाकडी इसाड (लांब दांडा), पेरणीची पाभर, विहिरीवरच्या मोटेचं कातडं हे वहीत शोधत बसू नका, सापडणार नाही, कारण सुतार, लोहार, चांभार यांना सुगीला बलुतं, म्हणजे धान्याचा वाटा, मिळायचं, पैशाचा व्यवहारच नव्हता. दुकानाच्या वहीत दिसतं ते गावाबाहेरून आलेलं: गाडीच्या चाकाच्या धावेसाठी लोखंडाची पट्टी, मोटेचा नाडा आणि सोंदूर, मोरचूद, गंधक, मीठ. हे कळलं की वही एकदम वाचायला सोपी जाते, कारण मालाची यादी मुळात छोटीच आहे, चाळीस-पन्नास शब्द, तेच फिरून फिरून येतात. ऋतूप्रमाणे अंदाज बांधा, चैत्र-वैशाखात दोर आणि लोखंड, पोळ्याच्या आधी झूल आणि घुंगरं, सुगीला गोणपाट आणि सुतळी. लोखंडी नांगर दिसला तर ती नोंद जपा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमाराला बेळगावात पहिला नांगर केला, किर्लोस्करवाडी वसली १९१० ला, आणि सुरुवातीला लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. तुमच्या गावात तो कुणी पहिल्यांदा घेतला हे फक्त तुमच्या वहीत असू शकतं.

मोडी शेवटी घ्या म्हटलं तरी ती शिकावी लागतेच. आधी पूर्ण ओळीची शिरोरेघ मारून मग बोरूने अक्षरं लटकवलेली असतात, शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. मौ॥ म्हणजे मौजे, मु॥ म्हणजे मुक्काम, ता॥ म्हणजे तारीख, ह॥ म्हणजे हस्ते, कुणाच्या हातून माल गेला ते. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, त्यांचं मुंबईतलं ऑफिस काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, पुढचा वर्ग कधी ते तिथे जाऊन विचारा. शब्द अडला तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघा, १८५७ ची आवृत्ती नेटवर आहे, आजच्या कोशात नसलेले बाजाराचे शब्द त्यात मिळतात. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचाराच, आत्याला मोडी येत नाही पण मी "सोंदूर" अडखळत वाचलं आणि तिने लगेच हाताने मोट ओढून दाखवली, नाडा जाड तो वरचा, सोंदूर बारीक तो खालचा.

व्याजाची पानं मन घट्ट करून वाचा. दर शेकडा दरमहा असा असतो, म्हणजे "दोन रुपये शेकडा" हे वर्षाचे २४ टक्के. धान्य सवाईने किंवा दिढीने दिलेलं असेल तर सुगीला सव्वापट किंवा दीडपट परत. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले ते ह्याच हिशोबांपायी, आणि त्यानंतर १८७९ चा शेतकरी कायदा आला, पुणे, नगर, सोलापूर, सातारा जिल्ह्यांसाठी, ज्यात कोर्टाला कर्जखताच्या मागे जाऊन मूळ हिशोब तपासता यायचा. तुमच्या कागदांत १८७९ नंतर अचानक पावत्या आणि येणे-बाकीचे उतारे वाढलेले दिसले तर ते ह्यामुळे असू शकतं. तगाई हा शब्द दिसला तर ते सरकारी कर्ज, १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांखालचं, दुकानाचं नाही.

पणजोबा सरळ होते की नव्हते हे मी पण शोधलं. दोन खाती अशी आहेत की व्याज मुदलाच्या वर गेलंय आणि शेवटी जमिनीचा गट दुकानाच्या नावावर आलाय. मला ते वाचून फार वाईट वाटलं, पण ती पानं मी काढून टाकली नाहीत आणि तुम्हीही टाकू नका. मात्र कर्जदारांची नावं आणि जाती नेटवर टाकू नका, त्यांची नातवंडं-पतवंडं त्याच गावात राहतात. मी गावच्या वाचनालयाला दिलेल्या प्रतीत नावांच्या जागी आकडे घातलेत, आणि ज्यांच्या घरच्यांनी स्वतःहून विचारलं त्यांना त्यांच्या खात्याचं पान वेगळं प्रिंट काढून दिलं. आतापर्यंत तीन घरं आली, त्यातल्या एका आजोबांनी ते पान हातात धरून ठेवलं आणि त्यांच्या वडलांच्या नावापुढचा अंगठा कितीतरी वेळ बघत राहिले.