लॉगफोरजेची त्रुटी आपल्या प्रणालीत उरली आहे का, हे कसे तपासावे

लॉगफोरजे ही जावा प्रोग्राममधल्या घडामोडींच्या नोंदी (लॉग) लिहिणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच आहे. आपण स्वतः ती घेतलेली नाही, एवढ्यावर निर्धास्त राहू नये, कारण ही लायब्ररी पुष्कळदा दुसऱ्या एखाद्या लायब्ररीच्या आडून प्रकल्पात येते. डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीस आलेल्या सीव्हीई-२०२१-४४२२८ (सीव्हीई म्हणजे ज्ञात सुरक्षा त्रुटींचा क्रमांक) या त्रुटीला तीव्रतेचे १० पैकी १० गुण मिळाले. डॉलरचिन्ह आणि महिरपी कंसात 'जेएनडीआय'ने (नावावरून दूरची माहिती शोधून आणण्याची जावातील सोय) सुरू होणारा पत्ता लॉगमध्ये गेला, की जुन्या आवृत्त्या त्या पत्त्यावर जाऊन तिथला कोड आणून चालवू शकत. लॉगिनच्या रकान्यात टाकलेले नावसुद्धा त्यासाठी पुरेसे होते.

प्रथम मेव्हन किंवा ग्रेडल या जावा प्रकल्प बांधणाऱ्या साधनांमधून अवलंबित्वांची (प्रकल्प ज्या लायब्रऱ्यांवर उभा आहे त्यांची) संपूर्ण यादी काढून तिच्यात लॉगफोरजे-कोअर हा प्रत्यक्ष काम करणारा भाग शोधावा. नुसते लॉगफोरजे-एपीआय असेल तर या त्रुटीचा धोका नाही. मात्र सर्व्हरवर प्रत्यक्ष काय चालू आहे, हे या यादीवरून कळत नाही. जावाचा कोड ज्यात बांधलेला असतो ती जार ही मुळात झिप फाइल असते आणि एका जारच्या पोटात दुसरी असू शकते, म्हणून फाइलच्या नावावर न थांबता प्रत्येक जार आतपर्यंत उघडून 'जेएनडीआय लुकअप' हा क्लास (कोडचा तुकडा) शोधावा. माझ्या मते तपासणीतले सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे.

२.१५.० मधील दुरुस्ती अपुरी ठरली आणि पुढच्या आवृत्त्यांतही नव्या त्रुटी निघाल्या, त्यामुळे जावा ८ किंवा पुढे किमान २.१७.१, जावा ७ वर २.१२.४ आणि जावा ६ वर २.३.२ घ्यावी. आवृत्ती लगेच बदलणे शक्य नसेल, तर 'जेएनडीआय लुकअप' हा क्लास जारमधून काढून टाकावा आणि प्रक्रिया पुन्हा सुरू करावी, कारण चालू प्रक्रियेच्या स्मृतीत जुना कोड तसाच राहतो. लुकअप, म्हणजे संदेशातले असे पत्ते उलगडणे, बंद करणाऱ्या सेटिंगवर विसंबू नये. ती सर्व मार्ग अडवत नाही.

शेवटी जुने लॉग तपासावेत, पण हल्लेखोर 'जेएनडीआय' हा शब्द तुकड्यांत लपवून पाठवत असल्याने तो सरळ शोधून न सापडणे हा निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे. प्रणाली इंटरनेटला उघडी असेल, तर एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या मूल्यांमध्ये) ठेवलेले पासवर्ड आणि किल्ल्याही बदलाव्यात, कारण परका कोड चाललाच नाही तरी त्यांची मूल्ये त्या पत्त्यात गुंफून बाहेर नेता येत होती.