सर्व्हेच्या बिंदूंपासून जमिनीचे त्रिमितीय मॉडेल: या चुका टाळा

टोटल स्टेशनमधून (कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्व्हेच्या यंत्रातून) उतरवलेली पॉइंट फाइल सॉफ्टवेअरला दिली की काही सेकंदांत पडद्यावर डोंगर उभा राहतो. चुकीचा डोंगरही तितकाच देखणा दिसतो, हीच गोम आहे. सॉफ्टवेअरला बांध, ओढा, रस्त्याची कड यातले काही कळत नाही. ते जवळजवळचे बिंदू जोडून त्रिकोणांचे जाळे विणते, त्यालाच टिन म्हणतात. कोणत्या दोन बिंदूंमध्ये खरोखर सरळ जमीन आहे आणि कुठे मध्ये पायरी आहे, हे आपण सांगितले तरच त्याला समजते. पुढचे दाखले मावळ-मुळशीकडच्या उताराच्या जमिनीचे आहेत: भातखाचरे, मधून ओढा, एक विहीर आणि कडेने गाडीवाट.

फाइल आत घेतानाचे घोळ

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे नॉर्थिंग (उत्तरेकडचे अंतर) आणि ईस्टिंग (पूर्वेकडचे अंतर) यांची अदलाबदल. मॉडेल आरशातल्यासारखे उलटे येते आणि नकाशावर भलतीकडेच जाऊन पडते. ओळखायला सोपे आहे. महाराष्ट्रात यूटीएममध्ये (पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडून मीटरमध्ये निर्देशांक देणारी पद्धत) ईस्टिंगचे पूर्णांक सहा आकडी आणि नॉर्थिंगचे सात आकडी असतात. पुण्याजवळ ईस्टिंग ३,७८,००० आणि नॉर्थिंग २०,४८,००० च्या आसपास येते. फाइलमधला पहिला स्तंभ सात आकडी असेल, तर तो नॉर्थिंगच.

विदर्भात काम असेल तर झोन आधी पाहा. ७८ अंश पूर्व रेखावृत्तावर झोन ४३ संपतो आणि ४४ सुरू होतो. अमरावती शहर ४३ मध्ये, यवतमाळ शहर ४४ मध्ये. सीमेवरच्या एकाच बिंदूचे ईस्टिंग ४३ मध्ये ८ लाखांच्या पुढे असते आणि ४४ मध्ये २ लाखांच्या आत. दोन टीमनी दोन झोनमध्ये काम केले असेल, तर क्यूजीआयएसमध्ये (नकाशाचे सॉफ्टवेअर) ईपीएसजी ३२६४३ आणि ३२६४४ (या दोन झोनचे संकेतांक) नीट लावून सगळे एकाच झोनमध्ये आणा. आकडे हाताने सरकवून जुळवू नका. दोन्ही झोनमध्ये उत्तर दिशाही किंचित वेगळी असते, त्यामुळे एक टोक जुळले की दुसरे सुटते.

एक्सेल हा वेगळाच उपद्व्याप. बिंदूला ‘२-१’ असे नाव दिले की ते त्याची तारीख करते. वर्णनात स्वल्पविराम असेल तर सीएसव्हीतला पुढचा मजकूर नव्या स्तंभात जातो. उंचीच्या आकड्यामागे अक्षर चिकटले असेल तर क्यूजीआयएस तो सगळा स्तंभ मजकूर समजते आणि इंटरपोलेशनच्या (बिंदूंमधल्या जागेची उंची काढण्याच्या) यादीत तो दिसतच नाही. मूळ फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहायची सवय लावा आणि तिची एक प्रत कधीही न बदलता ठेवून द्या.

उंचीचा संदर्भही इथेच तपासायचा. डीजीपीएस (उपग्रहांवरून अचूक जागा काढणारे यंत्र) मुळात देते ती लंबगोलावरची (पृथ्वीच्या गणिती आकारावरची) उंची, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. आपल्याकडे या दोन्हींत ६० मीटरच्या आसपास फरक आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर रिसीव्हर चक्क उणे आकडा दाखवतो. जिऑइड मॉडेल (या दोन उंचींतला फरक देणारा तक्ता) न लावलेले बिंदू आणि बेंचमार्कवरून (उंची पक्की माहीत असलेल्या खुणेवरून) आणलेली टोटल स्टेशनची रिडिंग एकाच फाइलमध्ये आली, की मॉडेलमध्ये कडा तयार होतो. इतका मोठा फरक निदान डोळ्यांना दिसतो. धोकादायक असतात ते ३० ते ७० सेंटिमीटरचे.

प्रिझमची उंची बदलली, यंत्रात नाही

झुडपाआडून दिसावे म्हणून पोल (टोकावर प्रिझम, म्हणजे यंत्राचा किरण परतवणारी काच, असलेला दांडा) १.५० वरून २.१५ मीटर केला आणि यंत्रातला आकडा तसाच राहिला, तर तिथून पुढचा प्रत्येक बिंदू ०.६५ मीटर वर येतो. चुकीच्या आकारावरूनच कारण कळते. एखादाच बिंदू सुळक्यासारखा वर आला असेल, तर त्या एका रिडिंगला पोल वाढवलेला असतो किंवा बिंदू जमिनीवर नसून विहिरीच्या कठड्यावर, खांबावर घेतलेला असतो. सलग क्रमांकांचा सगळा गट एकसारखा वर किंवा खाली असेल, तर प्रिझमची नाहीतर यंत्राची उंची चुकली आहे. आणि एका स्टेशनवरून घेतलेला सगळा भाग फिरलेला दिसला, तर बॅकसाइट (दिशा पक्की करायला माहीत असलेल्या बिंदूवर घेतलेले रिडिंग) तपासा.

दुरुस्ती कच्च्या नोंदीत करायची. त्या गटाची प्रिझम उंची बदलून निर्देशांक पुन्हा काढा. मॉडेलमध्ये एकेक बिंदू उचलत बसलात तर कोणता उचलला आणि कोणता राहिला, हे दोन दिवसांनी कोणालाच सांगता येत नाही.

आरटीकेने (जागेवरच दुरुस्ती मिळणाऱ्या डीजीपीएसने) काम केले असेल तर झाडाखालचे बिंदू ‘फ्लोट’ (जागा पक्की न झालेल्या) अवस्थेत घेतले आहेत का, तेही पाहा. उंचीत काही डेसिमीटरची चूक तिथूनच येते. असे बिंदू ठेवू नका. त्या जागी टोटल स्टेशन लावा.

ब्रेकलाइन नाही, म्हणजे बांध नाही

खरे काम इथे आहे. ब्रेकलाइन म्हणजे जमिनीचा उतार एकदम बदलतो तिथली रेषा; टिनचे त्रिकोण ती ओलांडत नाहीत. समजा दोन खाचरांमध्ये ८० सेंटिमीटरची पायरी आहे. वरच्या खाचरात एक बिंदू, खालच्या खाचरात एक बिंदू, दोघांत १० मीटर अंतर आणि पायरी बरोबर मध्ये. टिनमध्ये पायरी गायब होते आणि तिच्या जागी १० मीटर लांब घसरण येते. हिशेब करून पाहा: बांधाच्या प्रत्येक मीटर लांबीला वरच्या बाजूला १ घनमीटर माती कमी धरली जाते आणि खालच्या बाजूला १ घनमीटर जास्त. ५० मीटरच्या बांधाला दोन्हीकडे ५०-५० घनमीटर, म्हणजे साडेसतरा ब्रासच्या वर. बेरीज शून्य येते, म्हणून एकूण आकड्यात काही खटकत नाही. प्रत्यक्ष खोदाई सुरू झाली की वरच्या खाचरात माती संपता संपत नाही.

म्हणून बांधाच्या माथ्याच्या दोन्ही कडा आणि दोन्ही पायथे अशा चार रेषा घ्या. बांध अरुंद आणि माथा जवळजवळ टोकदार असेल तर माथ्याची एक आणि पायथ्याच्या दोन पुरतात. रेषेवर दर ५ ते १० मीटरला आणि प्रत्येक वळणावर बिंदू हवा. जागेवरच कोड द्या: बांध माथा १, बांध पायथा १, असे. ऑफिसात बसून नुसत्या बिंदूंवरून बांध ओळखणे म्हणजे अंदाजपंचे काम.

ओढ्याला निदान तीन रेषा: तळ आणि दोन्ही काठांचे माथे. तळाची रेषा नसेल तर त्रिकोण एका काठावरून थेट दुसऱ्या काठावर उडी मारतात आणि पात्रात खोटे बंधारे उभे राहतात. कंटूर (समान उंचीच्या रेषा) काढल्यावर ओढ्यात एकामागून एक बंद कडी दिसली की हाच प्रकार समजा. नीट झालेल्या मॉडेलमध्ये ओढा ओलांडताना कंटूर व्ही आकार घेते आणि त्याचे टोक उगमाकडे असते. तळाच्या रेषेवर उंची खालच्या दिशेने सलग उतरते का, तेही पाहा. मध्येच चढ आला तर तो खरा डोह असेल किंवा चुकलेले रिडिंग. पाण्याखालचा तळ न घेता पाण्याची पातळीच घेतली असेल, तर तसे फाइलमध्ये लिहा.

रेषा काढतानाचा एक सापळा फार जणांना पकडतो. ऑटोकॅडमध्ये साधी पॉलिलाइन (अनेक तुकड्यांची सलग रेषा) काढली की ती शून्य उंचीवर बसू शकते. जमीन ५८० मीटरवर आणि ब्रेकलाइन शून्यावर; मॉडेलला ५८० मीटर खोल चीर पडते. थ्रीडी पॉलिलाइन वापरा आणि प्रत्येक टोक बिंदूला स्नॅप करा (नेमके चिकटवा). सिव्हिल थ्रीडी या सॉफ्टवेअरमध्ये ठराविक उंचीखालचे सगळे वगळायचा पर्याय आहे, पण तो अपघात लपवतो, रेषा सुधारत नाही.

दोन ब्रेकलाइन एकमेकींना छेदतात तिथे दोघींची उंची एकच असायला हवी. मोरीवर रस्त्याची कड वरून जाते आणि ओढ्याचा तळ खालून; टिनमध्ये एका जागी एकच उंची मावते. ओढ्याच्या रेषा मोरीच्या तोंडाशी थांबवा आणि पलीकडे पुन्हा सुरू करा. दगडी भिंत सरळ उभी असेल तर वरची आणि खालची रेषा एकावर एक न ठेवता खालची १ सेंटिमीटर बाहेर सरकवा.

कडेचे लांब त्रिकोण आणि नसलेला बारकावा

सर्व्हेची हद्द आत वळलेली असेल, तर सॉफ्टवेअर ती खाच लांबच लांब त्रिकोणांनी बुजवते. शेजाऱ्याची न मोजलेली जमीनही मॉडेलमध्ये येते आणि घनफळातही. मोजलेल्या भागाभोवती बाह्य हद्द लावा. कमाल त्रिकोण लांबीची मर्यादा घालायची असेल तर ती बिंदूंमधल्या सरासरी अंतराच्या दोन-तीन पट ठेवून बघा. फार कमी केलीत तर आतही भोके पडतात.

क्यूजीआयएसमध्ये ग्रिड (उंचीच्या समान चौकटी) काढताना आयडीडब्ल्यू (जवळच्या बिंदूला जास्त वजन देणारी) पद्धत टाळलेली बरी. प्रत्येक बिंदूभोवती ती गोल गोल वेटोळी तयार करते, जी जमिनीवर नसतात. टिन इंटरपोलेशन घ्या आणि रेषांच्या थराला ‘ब्रेकलाइन्स’ हा प्रकार द्या. तो ‘पॉइंट्स’वरच राहिला तर रेषा काढण्याचे कष्ट वाया. १० मीटरवर बिंदू असताना अर्ध्या मीटरचा पिक्सेल ठेवून काही साधत नाही, फाइल तेवढी फुगते.

ब्लेंडर, स्केचअपमध्ये नेताना

या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल थरथरते, पृष्ठभाग करवतीसारखा दिसतो. दोष बहुधा सर्व्हेत नसून आकड्याच्या लांबीत असतो. असे बरेच प्रोग्राम ३२ बिटचे दशांश वापरतात. २०,४८,००० सारख्या नॉर्थिंगला त्यात साडेबारा सेंटिमीटरपेक्षा बारीक फरक मावत नाही. नाशिकजवळ नॉर्थिंग २२ लाखांवर गेले की २५ सेंटिमीटर. एक्सपोर्ट करण्याआधी ईस्टिंगमधून ३,७८,००० आणि नॉर्थिंगमधून २०,४८,००० असे पूर्ण आकडे वजा करा आणि ते मॉडेलसोबत टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा. दाखवण्यासाठी उंची दोन-तीन पट ताणली असेल तर त्या फाइलच्या नावातच तसे लिहा, नाहीतर कोणीतरी तिच्यावरूनच उतार मोजतो.

तपासणी

मॉडेलमध्ये न वापरलेले निदान २० बिंदू बाजूला ठेवा: काही बांधांजवळ, काही ओढ्याकाठी, काही मोकळ्या खाचरात. मॉडेलची उंची वजा मोजलेली उंची असा फरक काढा आणि चिन्ह पुसू नका. फरक काही ठिकाणी अधिक आणि काही ठिकाणी उणे असेल तर घनफळात ते बऱ्यापैकी एकमेकांना खाऊन टाकतात. सगळेच एका बाजूला झुकले तर मात्र महागात पडते: एकरभर जमिनीवर ५ सेंटिमीटर म्हणजे २०२ घनमीटर, सुमारे ७१ ब्रास.

पण हे बिंदू त्याच पोलने, त्याच दिवशी घेतले असतील तर हा झुकाव त्यांच्यातही येतो आणि वजाबाकीत दिसत नाही. म्हणून त्यातले काही लेव्हल यंत्राने, बेंचमार्कवरून स्वतंत्रपणे घ्या. नांगरलेल्या ढेकळांत पोलचे टोक रुतते, तिथे टोकाखाली चपटी पट्टी ठेवून रिडिंग घ्या. श्रावण-भाद्रपदात गुडघाभर गवतात पोल गवताच्या बुंध्यावरच टेकतो. तिथे पाय मारून गवत बाजूला करा आणि माती दिसल्यावरच प्रिझम धरा.