बॉल पायथनच्या रॅकचे वेळापत्रक: माझा अनुभव

अमेरिकेत बॉल पायथनचे (मूळच्या आफ्रिकेतील लहान, बिनविषारी अजगराचे) प्रजनन करताना संग्रह वाढला, की दमछाक होते ती साप हाताळून नव्हे, तर साप ठेवलेल्या सगळ्या डब्यांची स्वच्छता एकाच रविवारी अंगावर आल्यामुळे. (पुण्यातील आप्तांना हे सांगून पटत नाही.)

मी आधी वंशावळीनुसार लावलेले डबे भक्ष्याच्या आकारानुसार मांडले आणि प्रत्येक रॅकला (डब्यांच्या मांडणीला) खाऊ घालण्याचा वेगळा वार दिला. त्यामुळे त्या दिवशी एकाच मापाचे गोठवलेले उंदीर वितळवावे लागतात. खाल्ल्यावर पहिल्या दोन दिवसांत साप हाताळला, तर तो भक्ष्य ओकण्याची शक्यता असते, म्हणून पूर्ण स्वच्छता पुढच्या खाण्याच्या आदल्या दिवशी ठेवली. पाणी, विष्ठा आणि थर्मोस्टॅट मात्र रोज पाहतो, कारण ३१-३२ अंश सेल्सिअसवर ठेवलेली डब्याची गरम बाजू अधिक तापल्याचे आठवड्याने कळून उपयोग नाही.

प्रत्येक डब्यावरील कार्डावर वजन, कात आणि नाकारलेले खाणे यांची नोंद असते. प्रजननाच्या हंगामात नर कित्येक आठवडे खात नाहीत. वजन टिकून असेल, तर मी त्यांच्यासाठी उंदीर वितळवतच नाही.

खरा भार हलका झाला तो नरांशी कमी माद्या जोडल्याने. उबवणीयंत्रात अंडी साधारण ५५ ते ६० दिवसांत फुटतात, आणि पहिल्या कातीनंतर खाण्यास अडून बसणारे प्रत्येक पिल्लू प्रौढ सापापेक्षा अधिक वेळ घेते. म्हणून रिकामे डबे मोजूनच मी जोड्या ठरवतो.