लेव्हल ऑफच्या आधीचे हजार फूट

टाइप रेटिंग (एका प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता) संपवून लाइन ट्रेनिंगला, म्हणजे प्रवासी फ्लाइटवरच्या प्रशिक्षणाला, येणारी मुलं बहुतेक वेळा लँडिंगची धास्ती घेऊन येतात. क्रॉसविंड, ओली धावपट्टी, पावसाळ्यातली मुंबई. क्लाइंबबद्दल, म्हणजे ठरवून दिलेल्या उंचीपर्यंत चढून तिथे स्थिर (लेव्हल) होण्याबद्दल, फारसं कुणी विचारत नाही. गिअर वर गेला, फ्लॅप्स आत आले, ऑटोपायलट लागला, की अवघड भाग संपला असं वाटतं. उजव्या सीटवरच्या नव्या फर्स्ट ऑफिसरची (सहवैमानिकाची) परीक्षा खरं तर तिथूनच सुरू होते.

त्या काही मिनिटांत एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) फ्रीक्वेन्सी बदलायला सांगतं, चेकलिस्ट बाकी असते, ढग टाळायला हेडिंग (नवी दिशा) मागायचं असतं, मागून केबिन क्रूचा फोन येतो. यातलं एकही काम फालतू नाही, आणि गोम तिथेच आहे. 1974 मध्ये शार्लटला ईस्टर्न एअरलाइन्सचं डीसी-9 धावपट्टीच्या अलीकडे कोसळलं, तेव्हा कॉकपिटमध्ये अवांतर गप्पा चालल्या होत्या. पुढे 1981 मध्ये अमेरिकेत दहा हजार फुटांखाली ‘स्टराइल कॉकपिट’चा नियम आला: उड्डाणाला गरजेचं नाही ते बोलायचं-करायचं नाही. गप्पांवर तो उपाय आहेच. पण त्याच कंपनीचं ट्रायस्टार विमान 1972 मध्ये मायामीजवळच्या दलदलीत गेलं, तेव्हा क्रू कामातच होता. नोज गिअरचा दिवा का लागत नाही हे सगळे मिळून बघत होते. विमान उंची सोडतंय हा इशारा वाजला, तो कुणाच्या कानात शिरला नाही. 101 माणसं गेली.

नवीन माणसाला वाटतं, आलेलं काम लगेच हातावेगळं करणं म्हणजे तत्परता. क्लाइंबमध्ये मात्र कोणतं काम थांबवायचं हे कळावं लागतं. विमान मिनिटाला 2,000 फूट चढत असेल तर 1,000 फूट 30 सेकंदांत संपतात. एक फोन उचलून दोन वाक्यं बोलेपर्यंत तेवढा वेळ जातो. म्हणून ‘वन थाउजंड टू गो’ (दिलेल्या उंचीला हजार फूट उरले) म्हटलं की लेव्हल होईपर्यंत दोघांचेही डोळे उंचीच्या आकड्यावर हवेत.

माझ्याबरोबर एक नवी मुलगी होती. आठशे फूट उरलेले असताना बझर वाजला आणि ऑडिओ पॅनेलवर कॉलचा दिवा लुकलुकू लागला. तिचा हात तिकडे गेला, थांबला, परत मांडीवर आला. नजर स्क्रीनवरच. विमान लेव्हल झालं, तिने उंची मोठ्याने वाचली आणि मग फोन घेतला. मागे एका प्रवाशाला उकडत होतं, एवढंच. मला तिथेच कळलं की ही मुलगी तयार होते आहे. (इमर्जन्सी कॉलचा बझर निराळा असतो. तो नीट ओळखायला शिका, म्हणजे साधा कॉल निर्धास्त थांबवता येतो.)

ऑटोपायलट असताना उंची चुकते कशी, हा प्रश्न हमखास येतो. एक म्हणजे ऑटोपायलटला दिलेला उंचीचा आकडाच चुकीचा फिरवलेला असतो. दहा हजार आणि अकरा हजार यांचा घोळ जगभर जुना आहे. एकाने आकडा लावायचा आणि दुसऱ्याने ऐकलेल्या आकड्याशी तो ताडून बघायचा. नुसतं ‘चेक्ड’ म्हणणं म्हणजे बघणं नव्हे. दुसरं, एअरबसवर ओपन क्लाइंब (थेट निवडलेल्या उंचीपर्यंत चढण्याचा मोड) निवडलं की सिस्टिममध्ये भरलेली मधल्या उंचीची बंधनं विमान पाळत नाही. एटीसीने रडारवर बघून हेडिंग दिलं की हे सहज विसरतं. तिसरं आपल्या पावसाळ्याचं. क्यूएनएच (उंचीमापकावर लावायचा स्थानिक हवेचा दाब) 1000 हेक्टोपास्कल असेल आणि ट्रान्झिशनला, म्हणजे ज्या उंचीवर सगळे प्रमाण दाब लावतात तिथे, 1013 लावायचं राहिलं, तर एका हेक्टोपास्कलला सुमारे 28 फूट धरून विमान साडेतीनशे फूट वर जाऊन थांबतं. तुमच्या स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतं, एटीसीच्या स्क्रीनवर नाही.

वर-खाली हजार फूट म्हणजे काय, हे 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दिसलं. दिल्लीहून चढणाऱ्या सौदीच्या 747 ला 14,000 फुटांवर राहायला सांगितलं होतं, उतरणाऱ्या कझाक आयएल-76 ला 15,000 वर. कझाक विमान खाली आलं आणि दोन्ही धडकली. 349 माणसं, एकही वाचलं नाही. तिथे चढणाऱ्यांची काहीच चूक नव्हती. त्यानंतर आपल्याकडे टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. तीसुद्धा शेवटच्या हजार फुटांत वेगाने चढलात तर वरच्या विमानामुळे ओरडते. म्हणून तिथे चढण्याचा वेग मिनिटाला 1,500 फुटांच्या आत आणा.

कॅप्टन वीस वर्षांनी मोठे असतील, घरी तुम्ही वडीलधाऱ्यांना कधी टोकलं नसेल. इथे टोकायचं. ‘सर, चेक अल्टिट्यूड’, स्पष्ट आवाजात. उत्तर आलं नाही तर पुन्हा.

उंची चुकलीच, तर एटीसीने विचारायची वाट न बघता दुरुस्त करा, सांगा, आणि उतरल्यावर रिपोर्ट लिहा. नासा 1976 पासून वैमानिकांचे असे रिपोर्ट नावं काढून जमवते आहे. त्यांत उंचीच्या चुका कायम दिसतात, आणि लिहिणारे बरेचदा अनुभवी असतात. रिपोर्टमध्ये त्या क्षणी तुमच्या हातात कोणतं काम होतं तेही लिहा. सेफ्टीवाल्यांना उपयोग त्याच ओळीचा होतो.