साताऱ्यात लहान पोरासाठी सायकलची मातीची वाट कशी शोधावी

अजिंक्यतारा आणि यवतेश्वर ही दोन नावं आधी खोडून टाका. पोराला सायकलवर कुठं न्यावं असं साताऱ्यात कुणालाही विचारा, हीच दोन नावं पुढं येतात. किल्ल्याची चढण सहा-सात वर्षांच्या पोराला झेपत नाही आणि येताना सगळा भार त्याच्या ब्रेकवर पडतो. यवतेश्वरच्या घाटात कासला निघालेल्या गाड्यांची रीघ असते. कासच्या पठारावर तर सायकल घालूच नका. २०१२ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि फुलं नसतात तेव्हाही त्यांचे कंद तिथल्या चार बोटं मातीत असतातच.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. रस्ता दिसला की नजर आधी उताराकडे जाते, ती सवय नातवाच्या सायकलला उपयोगी पडली. परदेशात सायकलच्या वाटांना पाट्या असतात, हिरवा गोल म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मधली, पत्त्यांतल्या चौकटसारखी काळी खूण म्हणजे अवघड. आपल्याकडे पाटी नाही, तेव्हा हिरवा गोल आपणच ठरवायचा. मी तो असा ठरवतो: शंभर मीटरला पाच मीटरपेक्षा जास्त चढ नको. बिनगिअरच्या सायकलवर त्यापुढं पोर उतरतं, आणि दहा-बारा किलोची सायकल ढकलत वर नेणं म्हणजे त्याच्यासाठी शिक्षाच.

घरबसल्या गूगल अर्थवर वाटेवर रेघ ओढली की चढ-उताराचा आलेख मिळतो. त्यावर पुरता विसंबू नका. मधला ओढा, दहा पावलांची घसरंडी, बांधावरून मारलेली उडी त्या आलेखात सपाट होऊन जाते. म्हणून पोराला न्यायच्या आधी एकदा वाट पायी चालायची. बरोबर हातभर सरळ फळी घ्या. शंका येईल तिथं फळी उताराच्या दिशेनं ठेवून तिच्यावर फोन ठेवा आणि लेव्हलचं ॲप उघडा. तीन अंशांच्या आत असलं तर चालतं.

चालताना उताराहून जास्त लक्ष जमिनीकडे आणि कडेला. दबलेला मुरूम उत्तम. नुकती टाकलेली सुटी खडी सगळ्यात वाईट, तिच्यावर पुढचं चाक निसटतं. बैलगाडीच्या चाकोऱ्या खोल असल्या तर लहान चाक त्यात अडकतं. पाणंदीला, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेला, लागून बिनकठड्याची विहीर आहे का, हे डोळ्यांत तेल घालून बघा. आपल्या भागात अशा विहिरी उसात दिसतच नाहीत. वस्तीवरची कुत्री कुठं अंगावर येतात तेही कळतं. आणि जिथून परत फिरायचं ती जागा आधीच धरा, सावलीची. पोर दमल्यावर जागा शोधत बसू नये.

जाताना चढ आणि येताना उतार असेल अशी वाट निवडा. उलटं केलं की पोर पहिली दहा मिनिटं उडतं आणि नंतर रडतं.

कालव्याच्या कडेचा रस्ता सगळ्यांना सुचतो. उतार जवळजवळ शून्य, गाडी क्वचित. मला तरीही तो शिकाऊ पोरासाठी नको वाटतो. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडणं, सुरू असलं की पाणी दिसतं तितकं संथ नसतं आणि अस्तरीकरणाच्या गुळगुळीत बाजूवरून मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. कालवा कोरडा असला तरी पडलं की खोल. आधी पोराला हाक मारताक्षणी थांबता आलं पाहिजे, मग कालवा.

लिंब आणि गोवे या गावांकडच्या पाणंदी मला सगळ्यात आवडतात. कृष्णाकाठची जमीन, चढ नावाला. लिंबात बारा मोटेची विहीर दाखवायची म्हटलं की पोर पेडल मारायला तयार होतं. तिथं मात्र सायकल बाहेर आणि हात आपल्या हातात. दुसरी जागा कण्हेर धरणाची. एप्रिल-मेमध्ये पाणी मागं सरकलं की काठाची जमीन मोकळी होते. पाण्याच्या बाजूची माती वरून सुकलेली आणि आतून लिबलिबीत असते; भेगांत चाकही बसतं. त्यामुळं वरच्या गवताळ कडेनंच फिरायचं. चाळकेवाडीचं पठार थोडं पुढच्या टप्प्याचं. पवनचक्क्यांसाठी केलेले मुरमाचे रस्ते रुंद आहेत, पण ते कंपन्यांचे, गेटवर विचारूनच आत जा. वनखात्याची पाटी दिसली की माघारी फिरा. पावसाळ्यात तिथं धुकं आणि वारा इतका की मोठ्यांचीही सायकल आडवी जाते.

कण्हेरचा काठ सोडला तर हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात काळी माती चाकाला चिकटून चाकच फिरेनासं होतं आणि जांभ्यावर शेवाळ धरतं. पाऊस सरल्यावर कुसळं. लांब मोजे घातले की सगळी मोज्यांत, तेव्हा गुळगुळीत कापडाची पँट बरी. हिवाळ्याची एकच अडचण, ऊसतोड. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पाणंदीत आला की बाजूला व्हायला जागा नसते आणि मागची ट्रॉली वळणावर आत कापते. फडात तोड चालू दिसली तर त्या दिवशी दुसरी वाट धरा. कोयत्याचा आवाज आणि वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे, ढीग लांबूनच कळतात.

सायकलचं थोडक्यात. बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत. ब्रेकच्या मुठीजवळ बारीक स्क्रू असतो, तो आवळला की मूठ हँडलच्या जवळ येते. पोराची बोटं पुरेनात ही तक्रार बहुतेकदा तिथंच मिटते. टायरमध्ये डांबरी रस्त्यावर ठेवतो त्यापेक्षा हवा थोडी कमी. उतारावर नातवाला एवढंच सांगतो, "पेडल आडवी, बूड उचल, लांब बघ." चाकाकडे बघितलं की तो चाकाखालच्याच दगडावर जातो.

आमच्या सूनबाई विचारतात, "मामा, एवढ्या लहान वाटेला एवढं सामान?" हेल्मेट, पाणी, जादा ट्यूब, पंप आणि चिमटा. चिमटा बाभळीच्या काट्यासाठी: कुंपण तोडून फांद्या पाणंदीतच टाकायची आपल्याकडे रीत आहे, आणि टायरमध्ये राहिलेला काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर तीही तिथंच बसते.